धन्याची पेंढी

"ऐकलंत ना सगळ्यांनी? हां म्हणाला!" वॉल्टरकाकांनी टाळी वाजवली. "मी सरळ विचारलं, डेव्हिड, माळ देऊन टाकायचा आणि पुण्याला रॉबीकडे राहायचं, बरोबर ना? तर हां म्हणाला. उद्या कुणी म्हणू नये, म्हाताऱ्याला न विचारता केलं."

बाबा जांभळीखाली लाकडी खुर्चीत बसले होते. उजवा हात कुणीतरी आणून ठेवल्यासारखा मांडीवर पडलेला. डावा हात खुर्चीच्या दांड्यावर होता आणि त्याची बोटं टकटक, टकटक आपटत होती. ती बोटं मी बघितली, कापणीवाल्या बायकांच्या पुढं उभ्या असलेल्या कोंडाबाई ढेब्यांनी बघितली. काकांनी बघितली नाहीत. ते माझ्या भावाकडं, रॉबीदादाकडं बघून हसत होते.

मी चहाची किटली घेऊन तिथंच उभी होते, आणि मला बोलता येत नव्हतं.

भाद्रपदात बाबा बांधावर पडले, तेव्हापासून त्यांच्या तोंडात एवढा एकच शब्द उरला होता. चहा घेणार का, हां. नको का, हां. पाऊस उघडला का, हां. आणि पाऊस धो धो पडत असायचा. डॉक्टर म्हणाले, डोकं शाबूत आहे, शब्द हरवलेत. घरात आम्हाला कळायचं. पंजा उघडा असला की हो, बोटं आपटली की नाही. गोठ्यातल्या गड्यालासुद्धा हे आठवड्याभरात कळलं होतं. त्यांच्या सख्ख्या चुलतभावाला, वॉल्टरकाकांना, कळून घ्यायचं नव्हतं.

आणि माझं म्हणाल, तर सकाळी उठल्यावर स्तोत्र वाचून होईपर्यंत बोलायचं नाही हा नेम मला आजीनं लावलेला. बाबा पडले त्या दिवशी मी तो वाढवला. प्रभू, त्यांची जीभ सुटेपर्यंत माझी दुपारपर्यंत बंद. स्तोत्र दुपारी वाचीन, मगच बोलेन आणि मगच खाईन. आमच्या पाळकांनी समजावलं, इसाबाई, आपल्या धर्मात अशा अटी घालत नाहीत. मी मान हलवली. मी पाळकांशी बोललेच नव्हते, ज्याच्याशी बोलायचं त्याच्याशी बोलले होते.

काकांना हे ठाऊक होतं. म्हणून तर ते सकाळी आले.

"इसाबेल, तुझीही सोय बघितली आहे हं," काका कप पुढे करत म्हणाले. "मिशनच्या वसतिगृहात मुलींवर देखरेख करायला बाई हवी आहे. तुझ्यासारखी देवभोळी, शांत. आवाजसुद्धा होणार नाही तुझा."

रॉबीदादा हसला. मग माझ्याकडं बघून हसणं आवरलं आणि म्हणाला, "तसं नाही गं. पण तू एकटी या माळावर काय करणार? बाबांना दवाखाना जवळ हवा. माळ विकत मागणारे हॉटेलवाले म्हणतात, इथून सगळी दरी दिसते. आपल्याला रोज दिसते म्हणून किंमत नाही."

मी चहा ओतला. एक थेंब बाहेर सांडला नाही, याचा मला आजही अभिमान वाटतो. आत मात्र चुलीवर ठेवलेल्या तव्यासारखं झालं होतं.

आमचं आडनाव मॅक्रे. आंगस मॅक्रे हा माझा पणजोबा घाटरस्त्याच्या कामावर देखरेखीला आला. त्याचे लोक स्कॉटलंडातले शेतकरी. थंड, दगडाळ मुलूख. रस्ता झाला, बाकीचे गोरे निघून गेले, हा राहिला. खालच्या गावच्या ठकूबाईशी लग्न लावलं आणि शेरडंही फिरकत नव्हती तो माळ मागून घेतला. आधी त्यानं आपल्या देशातलं ओट पेरलं. उगवलं आणि कुजलं. तेव्हा ठकूबाई म्हणाली, आता माझं ऐका, खपली गहू टाका. तेव्हापासून या माळावर खपली आहे. त्या दोघांनी उचललेल्या दगडांच्या ताली अजून उभ्या आहेत. चुना नाही, माती नाही, दगडावर दगड.

पणजोबानं आपल्या मुलखातून एक चाल मात्र आणली, ती टिकली. शेतातला शेवटचा मूठभर उभा गहू मजुरांनी कापायचा नाही. तो धन्यानं कापायचा. कापलेली पेंढी जमिनीला लागू द्यायची नाही. घरातल्या बाईनं ती पदरात झेलायची, घरी नेऊन दारावर टांगायची, आणि पुढच्या पेरणीला तिचेच दाणे आधी मातीत जायचे. धन्याची पेंढी म्हणायचं तिला. वरच्या तालीजवळचा एक कोपरा तेवढा कधीच कापत नसत. तो पाखरांचा आणि वाटेनं जाणाऱ्या भुकेल्या माणसाचा. त्याला कुणी शेतात धरतच नसे.

आई होती तोवर पदर तिचा. ती गेल्यावर माझा. एकदा, पहिल्याच वर्षी, मी कुरकुरले होते, "तुम्ही कापणार, बायका बांधणार, गडी वाहणार. मी काय करायचं? नुसता पदर धरायचा."

बाबा मोठ्यानं हसले होते. "तेवढंच तर काम हाय, बाय."

मला वाटलं, समजूत काढतात.

बाबा असेच बोलायचे, जावळीच्या माणसासारखं. डोळे निळे, मान उन्हानं भाजून कौलासारखी लाल, आणि तोंडात "आरं तिच्या मारी." वॉल्टरकाकांचं घराणं रेल्वेत गेलं, बंगल्यात राहिलं, क्लबात गेलं. ते बाबांना गोरा कुणबी म्हणत. काकांच्या मुलीच्या लग्नाला बाबा पुण्याला गेले, घरच्या खपलीचं पोतं खांद्यावर घेऊन. त्यांना मागच्या दारानं आत घेतलं आणि वाजंत्रीवाल्यांच्या पंगतीला बसवलं. घरी आल्यावर आईनं विचारलं, कसं झालं लग्न? म्हणाले, "झ्याक. पिपाणीवाला जवळच बसला हुता." आई दोन दिवस रडली. बाबा दुसऱ्या दिवशी शेतात कुळवाची पाळी घालायला गेले.

ही माणसं आता कापणीच्या शेवटच्या दिवशी मोटार घेऊन आली होती. माझ्या आठवणीत पहिल्यांदा.

"चला, पेंढी उरकू," काका उठले. "रॉबी, तू कापायची. डेव्हिडला आता विळा धरवत नाही. धन्याची पेंढी जो कापतो तो धनी, हे तुमच्याच घराचं शास्त्र आहे. गावकऱ्यांनाही पटेल, आणि म्हाताऱ्याच्याही मनाला लागणार नाही. पुढचं मग धन्यानं ठरवायचं. काय, कोंडाबाई?"

कोंडाबाई पदराला हात पुसत म्हणाल्या, "आमी काय बोलायचं, सायेब? आमी कापायला आलोय. बोलायला तुमी आलाय."

"जीभ बघा हिची!"

"व्हय जी. सगळ्यांस्नी एकेकच दिल्याय देवानं. काहींची जरा जास्त चालती."

बायका तोंडावर पदर घेऊन खुसखुसल्या. काकांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

मला मात्र हसू आलं नाही. कारण शास्त्र तेच होतं, मीही तेच समजत होते. जो कापेल तो धनी. दादानं विळा चालवला की माळ गेला. बाबा पुण्याच्या तिसऱ्या मजल्यावर, खिडकीपाशी, त्या एका शब्दासह बसणार. आणि ज्यानं विचारलं त्याला ते हां म्हणत राहणार. चमचा पुढं करून नर्स विचारील, झालं ना आजोबा? हां. आणि ते उपाशी राहतील. तिथं त्यांची बोटं कोण बघणार होतं?

सूर्य अजून डोक्यावर यायचा होता. ओरडून सगळं सांगावं, असं दहादा वाटलं. दहादा मी ओठ आत घेतले. देवाला दिलेला शब्द या माणसांसाठी मोडायचा? यांच्यासाठी?

शेताच्या मधोमध गव्हाचा झुबका उभा होता. भोवती बायका, बाजूला गडी. दादानं बाह्या सरसावल्या, बाबांचा विळा उचलला. मूठ बाबांच्या तळव्यानं झिजून खोलगट झालेली, ती त्याच्या हातात बसेना. दर वर्षीसारखी मी पदर पसरून पुढं झाले.

काका आडवे आले. "तू कशाला?"

मी पदराकडं बोट दाखवलं.

"काही गरज नाही. बाजूला हो, फोटोत येतेस." त्यांनी माझा दंड धरला. माझ्या बापाच्या शेतात, माझा दंड धरून मला मागं सारलं. "हे ओटी भरण्याचं बायकी खूळ आता पुरे. रॉबी, उंच धर हं. मी कॅमेरा तयार ठेवलाय."

दादानं झुबका मुठीत धरला आणि विळा ओढला. एका ओढीत कापला गेला नाही. त्यानं हिसका दिला, पुन्हा दिला. पाचगणीच्या शाळेत गेला त्यानंतर त्यानं कधी कापणी केली नव्हती. शेवटी पेंढी सुटली. त्यानं ती उंच केली आणि काका कॅमेऱ्यात डोळा घालून "स्माइल, स्माइल" म्हणू लागले. खपलीची कुसळं फार बोचरी असतात. ती त्याच्या मनगटाला टोचली. "आई गं," म्हणत दादानं पेंढी सहज पायाशी ठेवली आणि मनगट खाजवू लागला.

"आगं बया!" सगळ्या बायकांच्या तोंडून एकदमच निघालं. एका गड्यानं डोक्यावरचा फडका काढला.

"काय झालं?" दादानं वर पाहिलं. "अरे, काय झालं?"

"भुईला लागली जी," कोंडाबाई हळू आवाजात म्हणाल्या.

"मग? उचलतो की."

"आता ती बैलाची. बियाला चालत न्हाय."

"चालवून घ्या!" काका खेकसले. "फोटो निघालाय. झालं काम."

तेवढ्यात जांभळीखालून काठीचा आवाज आला.

बाबा उठले होते. सहा महिन्यांत ते माझ्या खांद्याशिवाय उठले नव्हते. मी धावले, तर त्यांनी काठीनंच मला थांब म्हणून खूण केली. उजवा पाय ओढत, कापलेल्या गव्हाच्या खुंटांवर अडखळत, ते दादापर्यंत गेले. काठी खाली टाकली. विळा मागायला डावा हात पुढं केला. दादानं मुकाट्यानं दिला. तोंड त्याचं लहान मुलासारखं झालं होतं, आणि त्या रागातही मला त्याची कीव आली.

आता काठी नव्हती. मी बाबांच्या काखेत खांदा घातला. ते वरच्या तालीकडं वळले.

"कुठं चाललाय तो?" काका मागून येत होते. "डेव्हिड! तिकडे काही नाही!"

तिकडे गहू होता. पाखरांचा कोपरा. मधल्या शेताइतकाच पिवळा, सुपाएवढा, दगडांच्या सावलीत उभा. इतकी वर्षं आम्ही त्याला मोजलंच नव्हतं. पण उभा गहू तो उभा गहूच. शेवटचा.

काकांच्या ध्यानात आलं. "अरे, तो पाखरांचा आहे! तुमचाच नियम आहे ना, त्याला हात लावायचा नाही?"

"हां," बाबा म्हणाले आणि खाली वाकले.

पाखरांसाठी अर्ध्याहून जास्त सोडून त्यांनी कडेचा मूठभर गहू विळ्याच्या वाकात घेतला. धरायला उजवा हात चालत नव्हता. त्यांनी तो गहू आपल्या पोटाशी दाबला आणि डाव्या हातानं विळा ओढला. आयुष्यभर उजव्या हातानं कापलेला माणूस. पण ओढ एकच. मग त्यांनी मान वळवून मला शोधलं.

मी पदर पसरला.

"इसाबेल! खाली कर तो पदर!" काका असे ओरडले, की तालीवरचे होले उडाले. "धरू नकोस! सांगून ठेवतो, धरू नकोस!"

मी कधी कुणा मोठ्या माणसाचं ऐकलं नाही असं झालं नव्हतं. त्या दिवशी झालं.

पेंढी पदरात पडली. केवढीशी ती, पण काय तिचं वजन.

दादा धापा टाकत येऊन पोचला होता. "काका, पदराचं काय एवढं? कापली तर बाबांनीच. धनी आहेत तसेच राहिले. उद्या परत बघू."

"कापणाऱ्याला कोण विचारतो, गाढवा!" काकांचा चेहरा लालबुंद झाला होता. "कापायला कुणीही कापतो! मोठा मुलगा कोण होता? माझा बाप! ज्या वर्षी आंगस आजोबांनी घर कुणाकडे द्यायचं ते ठरवलं, त्या वर्षी पेंढी माझ्याच बापाच्या हातून कापवली. आणि सुनांना म्हणाले, झेला. माझी आई मोठी सून. ती पुढे झालीसुद्धा. पण झेलायची कशात? माझ्या आईला पदरच नव्हता! फ्रॉक होता तिच्या अंगात, मुंबईहून शिवून आणलेला! ती हात पुढे करते आहे तोवर या डेव्हिडच्या आईनं लुगड्याचा पदर पसरला. झालं! घर, माळ, गोठा, सगळं त्या पदरात! धाकट्याकडे! झेलणारीचं शेत, म्हणाले आजोबा. पहिली पेंढीसुद्धा मी कापली आणि ठकूबाईनं झेलली, तेव्हापासून माळ ठकूबाईचा, म्हणाले. मी तिथंच उभा होतो. आईचं बोट धरून."

 

म्हणजे त्यांना माहीत होतं. सगळ्यांत आधी, सगळ्यांत नीट, त्यांनाच माहीत होतं. फोटोत येतेस म्हणून माझा दंड धरला नव्हता त्यांनी. आणि बाबा सगळा जन्म मला सांगत आले होते, तेवढंच तर काम हाय. मीच ते थट्टेवारी नेलं होतं.

दादानं माझ्याकडं पाहिलं, पेंढीकडं पाहिलं. मग तो बाबांसमोर खुंटांवर गुडघे टेकून बसला.

"बाबा, माळ इसाचा?"

"हां."

"पुढची पेरणी ती करणार?"

"हां."

"अरे, त्याचं काय ऐकतोस!" काका किंचाळले. "तो सगळ्यालाच हां म्हणतो!"

कोंडाबाई खळखळून हसल्या. मग बायका, मग गडी. काकांना आपण काय बोललो ते कळायला जरा वेळ लागला.

"सकाळी तुम्हीच म्हणालात, काका," दादा उठत म्हणाला. "हां म्हणाला. सगळ्यांनी ऐकलं."

मी हसण्याकडं बघत नव्हते. मी बाबांचा डावा हात बघत होते. विळा गळून पडला होता आणि पंजा माझ्या पदरातल्या पेंढीवर, पूर्ण उघडा, ठेवलेला होता. दादानंही तोच बघितला. त्याला माझ्याकडं बघून काहीतरी विचारायचं होतं. मी मान हलवली. हो, असंच असतं त्यांचं हो.

घरी येऊन मी पेंढी दारावर टांगली. दादानं स्टूल धरलं. वॉल्टरकाका मोटारीत जाऊन बसले होते, पण मोटार दादाची आणि चावी दादाच्या खिशात. त्यामुळं ते बसूनच राहिले. चुलीवर आदल्या दिवसापासून भिजवलेल्या खपलीची खीर शिजत होती. कापणीवाल्या बायकांनी ओट्यावर पानं मांडली.

दुपार झाली. दाराखाली उभी राहून मी स्तोत्र वाचलं. बाबा शेजारी होते. वाचतानाही राग गेला नव्हता. राग असताना स्तोत्र वाचू नये म्हणतात. मी वाचलं. ज्याच्यासाठी वाचायचं तो माझा राग ओळखतो.

मग खिरीचं ताट घेऊन मी मोटारीपाशी गेले. काच वर होती. वाजवल्यावर काकांनी ती बोटभर खाली केली.

त्या दिवसातला माझा पहिला शब्द त्यांच्याच वाट्याला आला. "काका, उतरा. आमच्याकडं पंगत पुढच्या दारातच बसते."

ते माझ्याकडं बघत राहिले. आपल्या मुलीचं लग्न त्यांना आठवलं असावं. नसेल आठवलं तर मला त्याहून जास्त वाईट वाटेल. त्यांनी ताट घेतलं नाही, काचही वर केली नाही.

"पेरणी दिवाळीनंतर," मी म्हणाले. "त्या वेळीही या. काकूंनाही आणा."

आणि मागं, दारातल्या पेंढीखाली, खुर्चीतून आवाज आला.

"हां."

मी वळून बघितलं. बोटं दांड्यावर टकटक आपटत होती.